आद्यनमुन्याचा पाठ : अप्रकाशित व्हिडिओ खेळांच्या संग्रहासंबंधी काही विचार

मराठी संशोधनाच्या इतिहासात संग्राहक आणि संशोधक हे दोघे बहुधा एकाच देहात नांदले. पोथी मिळवणारा, ती उतरवून घेणारा, तिचा पाठ लावणारा आणि ती छापून काढणारा असे चार निराळे इसम असावेत, ही चैन आपल्याकडील पहिल्या पिढीला परवडण्याजोगी नव्हती. यवतमाळचे य. खु. देशपांडे हे त्या पिढीचे ठळक उदाहरण होय. ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, आणि यवतमाळच्या शारदाश्रमाशी त्यांचे नाव कायमचे निगडित झाले. मठांतून आणि घराघरांतून रुमालात बांधून ठेवलेल्या पोथ्यांपैकी किती हाती लागल्या, यापेक्षा त्यांतील किती मजकूर अभ्यासकांपर्यंत पोचला, यावरच त्या कार्याचे मोल आजही केले जाते. संग्रह पारखण्याचा हा दंडक कोणी लिहून ठेवला नसला, तरी तो त्या कामातूनच निघतो.

या दंडकावर घासून पाहावा असा एक नवा संग्रहप्रकार गेल्या पाव शतकात पाश्चात्य देशांत आणि जपानात रूढ झाला आहे. दूरदर्शनसंचाला जोडून घरी खेळायच्या जुन्या व्हिडिओ खेळांच्या यंत्रांसाठी जे खेळ तयार झाले, पण काही कारणाने विक्रीस आलेच नाहीत, त्यांचे आद्यनमुने, म्हणजे प्रोटोटाइप, शोधून विकत घेणे व जतन करणे, हा तो प्रकार. एखाद्या वाङ्मयविभागाच्या पत्रिकेत या विषयाला स्थान कसले, अशी शंका साहजिकच घेतली जाईल. परंतु ज्या कृतीला कर्ता आहे, मसुदे आहेत, भाषांतरे आहेत, पाठभेद आहेत, प्रक्षेप आहेत, आणि जिची बनावट प्रत निघू शकते, ती कृती पाठचिकित्सेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण काय, याचे उत्तर शंका घेणाऱ्यानेच द्यावयाचे आहे. शिवाय भारताचा १९५७ चा प्रताधिकार कायदा, त्यात १९८४ साली झालेल्या दुरुस्तीपासून, संगणकाच्या आज्ञावलीस ‘साहित्यकृती’ या संज्ञेतच समाविष्ट करतो. कायद्याने जे मान्य केले, ते समीक्षकांनी विचारातही घेऊ नये, हे थोडे विचित्र आहे.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. १९९० च्या दशकात फॅमिकॉम या जपानी यंत्राच्या नकला भारतातील घरोघरी आल्या, त्या वेळी यंत्रात खोचायच्या प्लास्टिकच्या डबीला आपल्याकडे ‘कॅसेट’ हे नाव पडले. तिच्यात फीत नसते, असते एक चिप. तरीही गाण्यांच्या कॅसेटशी असलेले आकाराचे साम्य पुरेसे ठरले आणि शब्द रुळला. विक्रीस आलेल्या कॅसेटमधील चिप बहुधा अशी असते, की खेळाचा सर्व मजकूर ती घडवतानाच तिच्या रचनेत कोरला जातो. तो पुढे बदलता येत नाही आणि सहजासहजी नष्टही होत नाही. आद्यनमुन्याची गोष्ट निराळी. खेळ तयार होत असताना मजकूर आठवड्याआठवड्याला बदलतो, म्हणून तेथे पुसून पुन्हा लिहिता येईल अशी ‘ईप्रॉम’ जातीची चिप वापरली जाई. या चिपच्या पाठीवर स्फटिकाची एक लहान खिडकी असते. तिच्यातून अतिनील किरण आत सोडले, की सर्व लेखन पुसले जाते. म्हणून लिहून झाल्यावर खिडकीवर कागदाची चिठ्ठी डकवतात, आणि बहुधा त्याच चिठ्ठीवर खेळाचे नाव व तारीख हाताने लिहिलेली असते. चिठ्ठी गळून पडलेली चिप थेट उन्हात राहिली, तर सुमारे आठवड्याभरात कोरी होऊ शकते. विदर्भातील वैशाखाशी परिचय असणाऱ्यास याहून अधिक सांगणे नलगे.

ऊन लागले नाही, तरी क्षय चालूच राहतो. ईप्रॉममधील लेखन म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडून ठेवलेला विद्युतभार. तो काही दशकांत हळूहळू झिरपून जातो. यातून एक विपरीत स्थिती उद्भवते. ज्या खेळाच्या लाखो प्रती विकल्या गेल्या, त्याचे लेखन टिकाऊ, आणि ज्याची जगात एकच प्रत आहे, त्याचेच लेखन नाशवंत. पोथ्यांच्या बाबतीत असे नसते. तेथे दुर्मिळ पोथीचा कागद सुलभ पोथीच्या कागदाहून लवकर कुजावा, असा काही नियम नाही.

या क्षयाचे एक वैशिष्ट्य पाठचिकित्सकाने लक्षात घेण्यासारखे आहे. लेखनिकाच्या चुका दोन्ही दिशांनी होतात. ‘घ’ चा ‘ध’ होतो, ‘ध’ चाही ‘घ’ होतो, ओळ गळते, ओळ दोनदाही येते. त्यामुळे कोणता पाठ मूळ, हे ठरवताना अर्थ, छंद, व्याकरण यांचा कौल घ्यावा लागतो. ईप्रॉममध्ये मात्र कोरी जागा ‘एक’ या अंकाची आणि लिहिलेली जागा ‘शून्य’ या अंकाची असते. भार झिरपला, म्हणजे शून्याचा एक होतो. एकाचा शून्य आपोआप होत नाही. अर्थात एकाच मजकुराच्या दोन जीर्ण चिपा उपलब्ध असतील आणि एखाद्या स्थळी त्यांचे मतभेद असतील, तर जेथे शून्य दिसते तेच मूळ मानण्यास बळकट आधार मिळतो. दिशा ठाऊक असलेला प्रमाद हा पाठचिकित्सेत मोठाच लाभ आहे. पण या लाभासाठी दोन प्रती आणि त्यांची तुलना आवश्यक ठरते. एक प्रत एका कपाटात आणि दुसरी दुसऱ्या खंडातील कपाटात कुलूपबंद राहिली, तर नियम असून नसल्यासारखा.

चिपमधील मजकूर वाचून संगणकावर घेण्याच्या क्रियेला इंग्रजीत ‘डंप’ करणे म्हणतात. ओझे ओतून टाकणे, हा त्या शब्दाचा मूळ भाव. जी क्रिया वस्तुतः जतनाची आहे, तिला टाकून देण्याचे नाव मिळाले. मराठीत या अर्थाचे क्रियापद पूर्वीपासून सिद्ध आहे, ते म्हणजे ‘उतरवून घेणे’. पोथी उतरवून घेतात, तसाच खेळही उतरवून घ्यावा. या शब्दात मूळ प्रतीला इजा न होता तिचा मजकूर दुसरीकडे नेण्याची कल्पना आहे, मालकी हलवण्याची नाही. इंग्रजी शब्दापेक्षा तो अधिक अन्वर्थक आहे, म्हणून येथे पुढे तोच वापरला आहे.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. अप्रकाशित खेळांच्या इतिहासात भाषेच्या अभ्यासकाला सर्वांत बोधप्रद ठरणारे उदाहरण ‘मदर’ या जपानी खेळाचे आहे. जाहिरातलेखक व साहित्यिक शिगेसातो इतोई यांनी रचलेला हा खेळ निन्टेंडो कंपनीने १९८९ साली फॅमिकॉमसाठी जपानात प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी कंपनीच्या अमेरिकेतील शाखेत फिल सँडहॉप यांच्या देखरेखीखाली त्याचे इंग्रजी भाषांतर पूर्ण झाले. नाव ठरले होते ‘अर्थबाउंड’. परंतु १९९१ मध्ये नवे यंत्र बाजारात यावयाचे होते, जुन्या यंत्रासाठी एवढा लांबलचक, वाचनप्रधान खेळ छापून खर्च निघेल असा भरवसा नव्हता, आणि तयार भाषांतर पडून राहिले. १९९४ मध्ये जपानात ‘मदर’ चा दुसरा भाग निघाला. १९९५ मध्ये तो अमेरिकेत आला, तेव्हा ‘अर्थबाउंड’ हे नाव त्यालाच देण्यात आले. पहिल्या भागाचे इंग्रजी रूप अस्तित्वात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

१९९८ मध्ये या इंग्रजी रूपाची एक आद्यनमुन्याची कॅसेट ‘डेमीफोर्स’ या हौशी मंडळाने मिळवली, तिचा मजकूर उतरवून घेतला आणि सर्वांना खुला केला. दुसऱ्या भागाशी घोटाळा होऊ नये, म्हणून शीर्षकात ‘झीरो’ हा शब्द त्यांनी स्वतः घातला. संपादनदृष्ट्या हा उघड प्रक्षेप होय. त्याचा परिणाम असा झाला, की जे शीर्षक कर्त्याने दिले नाही, अनुवादकाने दिले नाही, प्रकाशकानेही दिले नाही, त्याच शीर्षकाने ती कृती सतरा वर्षे ओळखली गेली. आपल्याकडील कित्येक प्रकरणांची नावे अशीच कोणा लेखनिकाने वा पहिल्या संपादकाने दिलेली आहेत. त्यामुळे यात नवल वाटावयास नको. तथापि शीर्षक बदलले, ही गोष्ट संपादकाने नोंदवली की दडवली, यावर त्याचा प्रामाणिकपणा ठरतो, आणि डेमीफोर्सने ती दडवली नव्हती.

भाषांतराचे परीक्षण केल्यास त्याची गुणवत्ता ध्यानात येते. इतोई यांनी अमेरिकेसारख्या एका कल्पित देशातील गावांना इंग्रजी सणांची नावे दिली होती : मदर्स डे, थँक्सगिव्हिंग, हॅलोवीन, ईस्टर, व्हॅलेंटाइन. जपानी वाचकाला ही नावे परकी म्हणूनच गोड वाटतात. त्यांतून दूर देशाचा भास निर्माण होतो. हीच नावे अमेरिकन वाचकापुढे ठेवली, तर भास नाहीसा होऊन केवळ हास्यास्पदता उरते. एखाद्या परदेशी लेखकाने विदर्भातील गावांना पोळा, अक्षय्यतृतीया आणि कोजागिरी अशी नावे द्यावीत आणि ती कादंबरी मराठीत शब्दशः उतरावी, तसेच ते होईल. अनुवादकांनी नावे बदलली. मदर्स डे चे झाले ‘पोडंक’. अमेरिकन बोलीत हा शब्द कोणत्याही क्षुद्र आडगावाचा वाचक आहे. हॅलोवीनचे झाले ‘स्पूकेन’. भूत या अर्थाचा ‘स्पूक’ आणि वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन हे खरे शहर, यांचा तो संकर. व्हॅलेंटाइनचे झाले ‘एले’, म्हणजे लॉस एंजेलिसच्या आद्याक्षरांचा उच्चार जसाच्या तसा लिहिलेला. मूळ लेखकाचे शब्द येथे एकही राहिले नाहीत. परंतु परिचित आणि अपरिचित यांच्या सीमेवर गाव उभे करण्याची त्याची युक्ती राहिली. शब्दनिष्ठ आणि परिणामनिष्ठ भाषांतर हा भेद पदव्युत्तर वर्गात शिकवताना याहून सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल.

याखेरीज कंपनीच्या तत्कालीन धोरणानुसार काही गाळणेही झाले. कावळ्याच्या चोचीतील सिगारेट गेली, काही ठिकाणचे क्रूस गेले. पण त्याबरोबर काही भरही पडली. मूळ जपानी खेळाचा शेवट त्रोटक होता. इंग्रजी रूपात तो विस्तारला, आणि पात्रांचे पुढे काय झाले हे दाखवणारी दृश्ये आली. पात्राला धावता यावे, अशी सोयही प्रथम याच रूपात आली. म्हणजे हा केवळ अनुवाद नव्हता. ती सुधारून वाढवलेली आवृत्ती होती, फक्त ती अप्रकाशित होती.

आणि येथेच पाठपरंपरेचा प्रवाह उलट फिरला. २००३ साली निन्टेंडोने जपानात ‘मदर’ चे दोन्ही भाग एकत्र करून पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा पहिल्या भागासाठी आधार घेतला तो १९८९ च्या प्रकाशित जपानी पाठाचा नव्हे, तर न निघालेल्या इंग्रजी आवृत्तीतील फेरफारांचा. विस्तारित शेवट जपानी वाचकाला प्रथम तेव्हा मिळाला. भाषांतराने मूळ कृतीला दुरुस्त केले. पाठवंशवृक्षाची आकृती काढावयास बसणाऱ्याने अशा वेळी बाण कोणत्या बाजूने काढावा? मूळ आणि अनुवाद, आधी आणि नंतर, या जोड्या एकमेकींशी समांतर असतात, असे जे गृहीत धरले जाते, ते येथे टिकत नाही.

१९९८ मध्ये अनेकांनी ही कॅसेट बनावट असल्याचा संशय घेतला होता. तो अवास्तव नव्हता, कारण जपानी खेळांत हौशी भाषांतर घुसवण्याचे तंत्र तोवर साधू लागले होते. संशयाचे पूर्ण निरसन १४ जून २०१५ रोजी झाले. त्या दिवशी निन्टेंडोने ‘अर्थबाउंड बिगिनिंग्ज’ या नावाने हा खेळ अधिकृतपणे प्रसिद्ध केला, आणि त्याचा इंग्रजी पाठ पंचवीस वर्षांपूर्वीचा, हौशी मंडळाने उतरवून घेतलेलाच निघाला. येथे एक गोष्ट विसरू नये. ती कॅसेट एखाद्या संग्राहकाच्या कपाटातच राहिली असती, तर दोन पिढ्यांच्या रसिकांना १९९८ ते २०१५ या काळात तो पाठ वाचावयास मिळालाच नसता. कंपनीने पुढे तो काढला, ही तिची मर्जी. मर्जी हा जतनाचा आधार होऊ शकत नाही.

‘स्टार फॉक्स २’ चे उदाहरण याच्या शेजारी ठेवण्यासारखे आहे, पण ते दुसऱ्या अंगाने. निन्टेंडो आणि ब्रिटनमधील आर्गोनॉट या संस्थांनी सिद्ध केलेला हा खेळ १९९५ मध्ये जवळजवळ तयार असताना रद्द झाला. प्रतिस्पर्ध्यांची नवी यंत्रे आली होती, आणि त्यांच्यापुढे जुन्या यंत्रावरचा त्रिमितीचा प्रयत्न फिका पडेल, अशी भीती होती. पुढे त्याचे निरनिराळ्या अवस्थांतील मसुदे बाहेर आले. हौशी मंडळींनी त्यांतील एक निवडला, त्यातील चाचणीच्या खुणा काढल्या, इंग्रजी भाषांतर घातले आणि ‘पूर्ण खेळ’ म्हणून तो प्रचारात आणला. मूळ प्रोग्रॅमरांपैकी डिलन कथबर्ट यांनी हा अंतिम पाठ नव्हे, असे सांगितले होते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी कंपनीने स्वतःकडील अंतिम पाठ ‘सुपर एनईएस क्लासिक’ या छोट्या यंत्रात घालून प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचे म्हणणे खरे ठरले. येथे हौशी संपादकांची चूक मसुदा उघड केला ही नव्हे. साफसूफ केलेला मसुदा त्यांनी ‘संहिता’ म्हणून चालवला, ही होय. एकाच पोथीवरून संशोधित आवृत्ती काढल्याचा आव आणणाऱ्या जुन्या मराठी संपादकांना हा दोष अपरिचित वाटणार नाही.

बनावटीचा प्रश्नही या क्षेत्रात खराच आहे. ‘बायो फोर्स एप’ हा सेटा कंपनीचा खेळ १९९० च्या दशकाच्या आरंभी जाहीर झाला, नियतकालिकात त्याची चित्रे आली, पण तो निघाला नाही. २००५ मध्ये कोणी त्याची कॅसेट सापडल्याचा बहाणा करून स्वतः रचलेली दृश्ये खरी म्हणून प्रसृत केली, आणि जाणकारही काही काळ फसले. खरी कॅसेट २०१० मध्ये जपानातील एका लिलावात निघाली. अप्रकाशित खेळांचे अभ्यासक फ्रँक सिफाल्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मिळवली आणि मजकूर खुला केला. खोटी आणि खरी यांची तुलना तेव्हाच शक्य झाली. खुली प्रत नसेल, तेथे बनावट प्रतीला आव्हान देणारे काहीच नसते.

इतके असूनही अनेक संग्राहक आपल्या कॅसेटी उतरवू देत नाहीत. त्यांची बाजू नीट मांडली पाहिजे. त्यांनी पैसा आणि वर्षे खर्ची घातलेली असतात. उतरवून घेतलेल्या कॅसेटीची किंमत घसरते, असा बाजारात दृढ समज आहे. खुल्या झालेल्या मजकुराच्या नव्या कॅसेटी बनवून परके व्यापारी नफा कमावतात, आणि ‘अर्थबाउंड झीरो’ व ‘स्टार फॉक्स २’ यांच्या बाबतीत ते घडलेही आहे. ही तक्रार खोटी नाही. परंतु किंमत घसरते, हा समज सार्वत्रिक सत्य म्हणून स्वीकारता येत नाही. निन्टेंडो व सोनी यांच्या फसलेल्या सहकार्यातून निर्माण झालेले एक यंत्र २०१५ मध्ये उजेडात आले. ते जागोजागी प्रदर्शनांत ठेवले गेले, तज्ज्ञाने ते सर्वांसमक्ष उघडून दुरुस्त केले, त्याच्या अंतर्भागाची चित्रे जगभर पाहिली गेली. त्यानंतर मार्च २०२० मध्ये लिलावात त्याला ३,६०,००० डॉलर आले. ते यंत्र होते, खेळ नव्हे, हा भेद मान्य करूनही एवढे दिसते, की वस्तूची दुर्मिळता आणि मजकुराची गुप्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्ञानेश्वरीच्या छापील आवृत्त्या निघाल्या, म्हणून तिच्या जुन्या पोथीचे मोल कमी झाले, असे कोणी म्हणणार नाही.

गुप्ततेचे समर्थन करताना परंपरेचा दाखला दिला जाण्याचा संभव आहे, आणि मराठी वाचकाला तर तो लगेच सुचेल. महानुभावांनी आपले वाङ्मय सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बंदिस्त करून शतकानुशतके परक्यांपासून राखले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत राजवाडे, भावे प्रभृतींच्या प्रयत्नांनी त्या लिपीचे कुलूप निघाले, तोवर मराठी गद्याचा आरंभकाळ वाङ्मयेतिहासाला जवळजवळ अज्ञात होता. पंथाने गुप्तता राखली म्हणूनच ते वाङ्मय टिकले, मग कॅसेटीच्या मालकाने ती राखली तर काय बिघडले, असा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो.

तो बिनतोड नाही. महानुभावांनी गुप्त ठेवले ते वाचन. लेखन त्यांनी कधीच थांबवले नाही. पंथाच्या आत पोथ्या सतत उतरवल्या जात होत्या, एका मठातून दुसऱ्या मठात जात होत्या, आणि सांकेतिक लिपी शिकलेल्या प्रत्येकास त्या खुल्या होत्या. लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीच्या धामधुमीत हरवली आणि स्मरणाच्या आधारे तिचे पाठ पुन्हा सिद्ध करावे लागले, अशी सांप्रदायिक परंपरा सांगते. एकाच प्रतीवर विसंबण्याचा धोका त्या पंथाला प्रत्यक्ष अनुभवाने कळला होता. म्हणून तर प्रतींची संख्या वाढली, निरनिराळ्या पाठांची नावे राहिली, आणि य. खु. देशपांडे किंवा वि. भि. कोलते यांच्या पिढ्यांना तुलनेसाठी सामग्री मिळाली. आद्यनमुन्याचा मालक याच्या अगदी उलट वागतो. तो वाचनाला फारशी आडकाठी करीत नाही, घरी आलेल्या मित्राला खेळ दाखवतो, त्याची छायाचित्रे मिरवतो. मनाई करतो ती नेमकी उतरवून घेण्यास. पंथाच्या गुप्ततेत प्रतींची वाढ होत होती, या गुप्ततेत एकमेव प्रतीतील विद्युतभार झिरपत आहे. दोहोंना एकच नाव देणे, हा शब्दांचा गैरवापर आहे.

संग्राहकांच्या उलट टोकाला असलेल्या भाबड्या उत्साहाचीही दखल घेतली पाहिजे. जे निघाले नाही ते निघालेल्यापेक्षा श्रेष्ठ असणार, कंपनीने ते अन्यायाने दडपले असणार, अशी एक धारणा या वर्तुळात आढळते. हस्तलिखितांच्या शोधातही ती होतीच. नवी सापडलेली प्रत्येक ओवी त्या त्या संशोधकाला ज्ञानेश्वरांच्या तोडीची वाटत आली आहे. वस्तुतः पुष्कळ खेळ रद्द झाले, ते सामान्य होते म्हणूनच. त्यांचे पाठमूल्य मोठे आणि वाङ्मयीन मूल्य अल्प, असे निःसंकोच म्हणावे. क्वचित असेही घडते, की अप्रकाशित राहण्यानेच कृतीला निराळा अर्थ येतो. पेन व टेलर या जादूगारद्वयाच्या १९९५ च्या, सेगा सीडीसाठी केलेल्या संग्रहात ‘डेझर्ट बस’ नावाचा एक विनोदी खेळ होता. टूसॉनपासून लास व्हेगसपर्यंत वाळवंटातील रिकाम्या रस्त्याने खऱ्या आठ तासांत बस चालवत न्यायची, वाटेत काहीही घडत नाही, आणि प्रवास पुरा केल्यास एक गुण मिळतो. संग्रह निघालाच नाही. समीक्षणासाठी दिलेल्या एका प्रतीवरून तो २००६ च्या सुमारास खुला झाला, आणि २००७ पासून हाच कंटाळवाणा प्रवास मुलांच्या मदतीसाठी निधी जमवण्याच्या वार्षिक उपक्रमाचे निमित्त बनला आहे. १९९५ मध्ये तो दुकानात आला असता, तर बहुधा दोन आठवड्यांत विसरला गेला असता.

कायद्याची स्थिती मात्र आशादायक नाही. भारतीय प्रताधिकार कायद्याचे ५२ वे कलम संशोधनासाठी अप्रकाशित साहित्यकृतीची प्रत करण्यास सवलत देते. पण कृती सार्वजनिक प्रवेश असलेल्या ग्रंथालयात, संग्रहालयात वा तशा संस्थेत असली पाहिजे, आणि कर्ता ज्ञात असल्यास त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटलेली असली पाहिजेत. खासगी कपाटातील कॅसेटीला ही सवलत मुळातच लागू होत नाही. संस्थेत आलेल्या कॅसेटीला ती लागू होईल, तोपर्यंत चिपमधील बहुतेक शून्यांचे एक झालेले असतील. हा कायदा कागदाचा विचार करून लिहिला गेला, आणि कागद साठ वर्षे थांबू शकतो.

विदर्भात अमेरिकन वा जपानी आद्यनमुने सापडण्याची शक्यता फार नाही. येथे सापडतील त्या १९९० च्या दशकातील नकली यंत्रांच्या कॅसेटी : एका डबीत शेकडो खेळ असल्याचा दावा करणाऱ्या, शीर्षके बदललेल्या, मूळ कर्त्याचे नाव पुसलेल्या. पाठचिकित्सकाला त्याही त्याज्य नाहीत. कोणी कोणता पाठ उचलला, त्यात काय बदलले, हे त्यांवरूनच कळते. कोणत्याही विभागाने वा हौशी संग्राहकाने अशी वस्तू हाती आल्यावर हस्तलिखिताच्या वर्णनपत्रकासारखे एक पत्रक भरावे. त्यात वस्तू कोठून आली, डबीवरील व आतील सर्व लेखन जसेच्या तसे, चिपांची संख्या व त्यांवरील क्रमांक, मजकूर किमान दोन वेळा उतरवून घेतला किंवा नाही आणि दोन्ही वेळा तो एकच आला की कसे, एवढ्या नोंदी असाव्यात. चिपवर हाताने लिहिलेली चिठ्ठी आढळल्यास तिचे छायाचित्र घ्यावे, तिच्यावरील अक्षर व तारीख उतरवून घ्यावी, पण खाली काय आहे हे पाहण्यासाठी ती उचलू नये. खाली असते ती खिडकी.